अनुभव धागा : तरुण पात्रांच्या खूनकथा आणि पुरून ठेवलेली गुपिते

चारभिंती, सातारा

परवा बामणोलीला गेलो होतो. शिवसागराचे, म्हणजे कोयना धरणाच्या जलाशयाचे, पाणी बरेच मागे हटले आहे आणि एरवी बुडालेल्या जुन्या घरांची जोती काठाशी उघडी पडली आहेत. ती पाहताना वसतिगृहात असताना वाचलेल्या डोना टार्ट यांच्या ‘द सिक्रेट हिस्टरी’ (१९९२) या कादंबरीची आठवण झाली. व्हरमाँटमधल्या एका छोट्या महाविद्यालयात ग्रीक शिकणाऱ्या मित्रांनी आपल्यातल्याच एकाचा जीव घेतला, हे लेखिका सुरुवातीलाच सांगून टाकते. त्यामुळे खुनी कोण हा प्रश्न उरत नाही. त्यांनी हे का केले आणि त्यानंतर ते एकमेकांबरोबर कसे राहिले, यातच वाचक गुंतून जातो. त्या काळात आमच्या मजल्यावर झालेली एक चोरी कोणी केली हे आम्हा सर्वांना ठाऊक होते आणि रेक्टरांपुढे सगळे गप्प होते. मित्राला सांभाळणे कोठे संपते आणि खरे दडपणे कोठे सुरू होते, हा प्रश्न त्या पुस्तकाने माझ्यापुढे प्रथम उभा केला. अशा कादंबऱ्यांचे आपले अनुभव कृपया सविस्तर लिहावेत.

कृष्णाकाठ, सांगली

माझे मत अगाथा ख्रिस्ती यांच्या ‘फाइव्ह लिटल पिग्ज’ला. सोळा वर्षांपूर्वी पतीच्या खुनाबद्दल दोषी ठरलेली आई तुरुंगातच वारलेली असते आणि वयात आलेल्या मुलीला तिचे पत्र मिळते, की मी निर्दोष आहे. गुप्तहेर प्वारो त्या वेळी तेथे असलेल्या पाच जणांकडून आठवणी लिहून घेतो. पाचही जण एकाच दिवसाविषयी लिहितात, तरी प्रत्येकाच्या लिखाणात तो दिवस निराळा असतो. आमच्या एकत्र कुटुंबात आजोबांच्या वाटणीची हकिगत चार काकांकडून चार तऱ्हांनी ऐकत मी मोठी झाले, त्यामुळे हा भाग मला विलक्षण खरा वाटला.

मंगळवार तळे

कुकर लावून लिहिते आहे, म्हणून थोडक्यात. माझी मुलगी दहावीत आहे आणि तिने हॉली जॅक्सन यांचे ‘अ गुड गर्ल्स गाइड टु मर्डर’ (२०१९) वाचून मला वाचायला लावले. पिप नावाची शाळकरी मुलगी पाच वर्षांपूर्वीचे प्रकरण शाळेच्या प्रकल्पासाठी पुन्हा उकरते. अँडी बेल ही मुलगी बेपत्ता झालेली असते, तिचा मित्र सल सिंग मृतावस्थेत सापडलेला असतो आणि कोणताही खटला न चालता गावाने त्यालाच खुनी ठरवलेले असते. त्यानंतर त्याच्या घरच्यांना गावात जे सोसावे लागते, ते वाचताना मला फार त्रास झाला. साताऱ्यासारख्या शहरात, जेथे प्रत्येक जण कोणाच्या तरी मामाचा शेजारी असतो, एखाद्या घरावर बसलेला शिक्का पुसला जाणे किती अवघड आहे, हे आपण सर्व जाणतो. मुलीने मात्र वेगळेच विचारले, “आई, पिपला जे दिसलं ते एवढ्या मोठ्या माणसांना पाच वर्षं का दिसलं नाही?”

निवृत्त शिरस्तेदार

तळ्यावरच्या ताईंच्या कन्येचा प्रश्न योग्य आहे. न्यायालयात अनेक वर्षे नोकरी केल्यामुळे या कादंबऱ्या वाचताना माझे लक्ष कायद्याकडे जाते. तीन वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यांची दखल घेण्यास आपल्याकडे मुदत असते. खुनाला ती नाही, त्यामुळे कितीही जुने प्रकरण उघडता येते. बेपत्ता व्यक्तीची खबर, ती ज्यांना मिळायला हवी त्यांनाही सात वर्षे मिळाली नसेल, तर ती हयात आहे हे सिद्ध करण्याचा भार तसे म्हणणाऱ्यावर येतो. एक गोष्ट मला नेहमी खटकते. अनेक कादंबऱ्यांत शेवटी जुना मित्र पोलिसांपुढे सर्व कबूल करतो आणि पुस्तक संपते. आपल्याकडे पोलिसांपुढे दिलेली कबुली आरोपीविरुद्ध सिद्ध करता येत नाही. खरा कस तेथून पुढे लागतो, कारण इतकी वर्षे गप्प राहिलेल्यांपैकी कोणाला तरी साक्षीच्या पिंजऱ्यात उभे राहावे लागते.

कृष्णाकाठ, सांगली

शिरस्तेदारकाका, हे कोणीतरी मराठीत लिहायला हवे. तुम्हीच का लिहीत नाही?

हरिपूर रस्ता

आमच्या घरी रहस्यकथाकार बाबूराव अर्नाळकरांच्या पुस्तकांची मोठी चळत होती. त्यांच्या नायकांपैकी वडील झुंजारचे आणि मी काळा पहाडचा भक्त होतो. २०१९च्या महापुरात ती सगळी पुस्तके भिजून गेली. वडिलांनी लगदा झालेली पानेसुद्धा गच्चीवर वाळत घातली होती. धाग्याच्या विषयाशी हे थेट जुळत नाही, कारण अर्नाळकरांच्या कथांत साहस पुढे असते आणि पात्रांचा भूतकाळ मागे राहतो, तरी रहस्यकथेची गोडी मला तेथेच लागली.

मंगळवार तळे

दादा, वाचून वाईट वाटले. माझ्या माहेरी अर्नाळकरांची काही पुस्तके आहेत. बाबांना विचारून कळवते.

विश्रामबाग

मला अशी कादंबरी सांगलीत घडलेली वाचायची आहे. बारावीच्या क्लासची तुकडी, गणेशोत्सवातले मंडळ, आयर्विन पुलावर संध्याकाळी जमणारी मुले आणि त्यांच्यातला एक जण नाहीसा झालेला. वीस वर्षांनी त्यांपैकी कोणी डॉक्टर, कोणी नगरसेवक, कोणी हळदीचा व्यापारी झालेला असेल आणि आता बोलल्याने प्रत्येकाचे काहीतरी जाणार असेल. परदेशी कादंबऱ्यांत ही मुले गाव सोडून दूर जातात आणि गुपित उघड व्हायला कोणाला तरी परत यावे लागते. आपल्याकडची बरीचशी येथेच राहतात, एकमेकांच्या मुलांच्या लग्नांत पंगतीला शेजारी बसतात, आणि नाहीशा झालेल्या मुलाची आई त्याच पंगतीत वाढत असते. तिला संशय केव्हा येतो, तेथून मी कादंबरी सुरू करीन.

निवृत्त शिरस्तेदार

विश्रामबाग, आपण पहिले प्रकरण लिहावे. न्यायालयाचा भाग मी आनंदाने तपासून देईन.