सेबीतल्या भाच्याने मामाला "जपून" एवढेही म्हणू नये का?

मिरजेचा गुंतवणूकदार:
माझा भाचा सेबीत, म्हणजे शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या संस्थेत, अधिकारी आहे. मागे घरच्या लग्नात पंगतीला शेजारी बसलो असताना, माझ्याकडचे एका कंपनीचे शेअर ठेवावेत की विकावेत, असे मी त्याला सहज विचारले. "मामा, शेअरबद्दल मी कुणाशीच बोलत नाही," एवढेच तो म्हणाला. पुढे महिन्याभरात त्या कंपनीविरुद्ध आदेश निघाला आणि माझे बरेच पैसे बुडाले. चौकशीची त्याला कल्पना असेल, तर सख्ख्या मामाला नुसते "जपून" म्हणणेही नियमात बसत नाही का?

निवृत्त कंपनी सचिव:
बसत नाही. २०१५ च्या इनसायडर ट्रेडिंग (आतल्या माहितीच्या आधारे शेअरची खरेदी-विक्री) प्रतिबंधक नियमांनुसार, शेअरच्या किमतीवर परिणाम करू शकणारी अप्रकाशित माहिती रास्त कामाखेरीज कुणाला सांगणे जसे निषिद्ध आहे, तसेच ती कुणाकडून काढून घेणेही निषिद्ध आहे. त्यामुळे खरे तर हा प्रश्न तुम्ही त्याला विचारायलाच नको होता. सेबी कायद्याच्या कलम १५जी प्रमाणे दंडच किमान १० लाख रुपयांपासून सुरू होतो. शिवाय या वेळी त्याने "जपून" म्हटले असते, तर पुढच्या कार्यात त्याचे गप्प राहणे हाच तुम्हाला "खुशाल घ्या" असा इशारा वाटला असता. म्हणून त्याचे उत्तर, त्याला काही ठाऊक असो वा नसो, दरवेळी तेच असले पाहिजे. मी नोकरीत असताना तिमाही निकालांच्या आधी प्रिंटरमधून शेवटचा कागद बाहेर पडेपर्यंत तिथून हलत नसे, आणि ते मला कधीही जाचक वाटले नाही.

बाजार अभ्यासक:
सहमत आहे, पण ही गोपनीयता माहितीपुरती आहे. अधिकाऱ्याच्या स्वतःच्या गुंतवणुकीवर आणि हितसंबंधांवर तिचे पांघरूण घालता येत नाही. सेबीच्या सदस्यांसाठी २००८ पासून हितसंबंधांविषयीची संहिता आहे, तरीही या साऱ्याचा फेरविचार करण्यासाठी २०२५ मध्ये माजी केंद्रीय दक्षता आयुक्त प्रत्यूष सिन्हा यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली. तसेच ज्याच्यावर कारवाई होते, त्याच्यापासून चौकशी अहवालातला संबंधित भाग लपवता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये टी. ताकानो प्रकरणात स्पष्ट केले.

मिरजेचा गुंतवणूकदार:
मग चौकशी सुरू होताच ती सर्वांना एकदमच का कळवत नाहीत?

निवृत्त कंपनी सचिव:
कारण चौकशीतून काहीच निघाले नाही, तरी तोवर भाव कोसळून निर्दोष कंपनीचे भागधारक बुडालेले असतात. आणि कंपनी दोषी असेल, तर फोनमधले संदेश पुसून टाकायला तिला आयता वेळ मिळतो.