प्रति: शाळेच्या सेन्सरचे आकडे पहाटे का फुगतात?

पहाटे शाळेचा एसडीएस०११ (हवेतले धूलिकण मोजणारा सेन्सर) पीएम२.५, म्हणजे २.५ मायक्रॉनपर्यंतच्या बारीक कणांचं प्रमाण, सरकारी हवा-मापन केंद्राच्या दुप्पट दाखवतो, असं प्रश्नात म्हटलंय. सेन्सर बिघडलेला नाही, हवा दमट आहे. हा सेन्सर कणांवरून विखुरलेला लेझरचा प्रकाश मोजतो. दमट हवेत कण पाणी धरून फुगतात, सोबत आकडाही. उत्पादकानेच ७० टक्के आर्द्रतेची मर्यादा दिली आहे. शेजारी बीएमई२८० (आर्द्रता मोजणारा सेन्सर) लावा, पण डब्याबाहेर सावलीत. आतल्या उबेने आर्द्रता कमी दिसते. सत्तरीवरच्या नोंदी मुलांना खोडू देऊ नका, नुसती खूण करा.

आणि चोवीस तास चालवू नका हो! लेझरचं आयुष्य सुमारे ८००० तास, म्हणजे अकरा महिन्यांत खलास. दर पाच मिनिटांनी एक मिनिट पुरे, त्यातली पहिली ३० सेकंदं सोडून द्या. हवा आत घेणाऱ्या नळीचं तोंड खाली ठेवा. कोळी जाळी करतातच, तेही बघा.