मदत हवी आहे: नुसत्या गिटारवर श्रोत्यांना कसं धरून ठेवायचं?

नमस्कार मंडळी. मी फिंगरस्टाइल, म्हणजे थेट बोटांनी तारा छेडून, गिटार वाजवतो. गाणं नाही, साथीलाही कुणी नाही. शनिवारी पुण्यात एका कॅफेत वाजवलं. पहिल्या दोन रचना लोकांनी मन लावून ऐकल्या. मग पुढच्या रचनेच्या डी-ए-डी-जी-ए-डी ट्यूनिंगसाठी (सहाव्या तारेपासून पहिलीपर्यंतचे स्वर) सहावी, दुसरी आणि पहिली तार एकेक पूर्ण स्वर उतरवायला घेतली, तेवढ्यात सगळे गप्पांत रमले. पुन्हा जमलेच नाहीत. फार लागलं मनाला.

ब्रिजभूषण काब्रा गिटारवर राग वाजवायचे, तिथे संथ ‘आलाप’, मग लयीतला ‘जोड’ आणि शेवटी जलद ‘झाला’ अशी चढणच असते. माझ्या चार-चार मिनिटांच्या सुट्या रचनांत ती कुठून आणू? तारा लावताना बोलत राहावं, की दुसरी गिटार आधीच लावून ठेवावी? मैफलीत वाजवणाऱ्यांनी कृपया सांगा.