विकण्याआधी जागेची तपासणी: मुंबईत कुणाच्या कामाची?

बोरिवलीकर
परवा इथे एकाने लिहिलं की मुंबईत जागा विकायला काढण्याआधी मालकाने पदरचे पैसे घालून ती तपासून घ्यावी. ओल, वायरिंग, प्लंबिंग, सगळ्याचा लेखी अहवाल करावा आणि येईल त्या गिऱ्हाइकाच्या हाती द्यावा. का, तर अमेरिकेत तसं करतात. खाली 'किती छान विचार' म्हणणाऱ्यांची रांग लागली.

मी सध्या जागा विकतोय म्हणून सविस्तर लिहितो. एक तर तिकडेही तपासणी बहुतेक वेळा विकत घेणाराच करून घेतो. दुसरं म्हणजे तिकडचं घर सुटं असतं. छप्पर, पाया, गटार, सगळं एका मालकाचं. आमच्याकडे माझ्या मालकीचं काय, तर चार भिंतींच्या आतलं. कॉलम, बीम, गच्ची, बाहेरचे पाइप सोसायटीचे. मुंबईत इमारती सडतात त्या खाऱ्या हवेने आत सळईला गंज चढून, आणि ते माझ्या हॉलमध्ये मशीन घेऊन फिरणाऱ्याला दिसणार नाही. त्यासाठी स्ट्रक्चरल ऑडिट आहे, म्हणजे अख्ख्या इमारतीच्या सांगाड्याची तपासणी. आदर्श उपविधींप्रमाणे, म्हणजे सोसायट्यांच्या नमुना नियमांप्रमाणे, १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचं दर ५ वर्षांनी, त्यापुढे दर ३ वर्षांनी. तो अहवाल मागा ना! शिवाय घर तपासणाऱ्याला इथे कसला परवाना लागत नाही. कोणीही उठतो, थर्मल कॅमेरा घेतो आणि तज्ज्ञ होतो. त्याच्या कागदावर बोट ठेवून गिऱ्हाईक भाव पाडणार, तो तोटा माझा.

मुलुंडची सुमा
बोरिवलीकर, तुम्ही विकणारे आहात म्हणून असं बोलता. मी घेणारी होते. मार्चमध्ये जागा पाहिली तेव्हा नवा रंग, हॉलला पीओपी, झुंबर. जूनमध्ये पहिला मोठा पाऊस झाला आणि बेडरूमच्या कोपऱ्यात पोपडे आले. पीओपी काढलं तर वर स्लॅबचं प्लास्टर सुटलेलं आणि सळ्या उघड्या. शेजारीण म्हणाली, "अगो, ते तर दरवर्षी होतं!" आधीच्या मालकांना फोन केला तर म्हणे, आम्हाला कधी त्रास झाला नाही.

मुद्रांक शुल्क ६ टक्के, वर नोंदणी, एजंट, सोसायटीचं हस्तांतरण शुल्क. एवढं सगळं भरायचं आणि छताच्या आत काय आहे ते मात्र विचारायचं नाही? रंग मारून विकणं ही फसवणूकच आहे.

बोरिवलीकर
मी कुणाला फसवलेलं नाही. रंग सगळेच काढतात. सरसकट सगळ्या विकणाऱ्यांना चोर ठरवू नका.

हायकोर्टाजवळचा
कायद्याचं बोलू. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम १८८२, कलम ५५. जो महत्त्वाचा दोष विकणाऱ्याला माहीत आहे, घेणाऱ्याला माहीत नाही आणि साधारण काळजी घेऊनही त्याला सापडला नसता, तो विकणाऱ्याने सांगायचा असतो. न सांगणं ही फसवणूक, हे त्याच कलमात लिहिलंय. आता बोरिवलीकरांच्या बाजूचा एक मुद्दा, जो त्यांनी मांडलाच नाही. अहवाल हातात आला की 'मला माहीत नव्हतं' म्हणायची सोय जाते. म्हणून माझे काही अशील तपासणी टाळतात. मला ते आवडत नाही, पण असं चालतं.

चेंबूर, तिसरा मजला
आतल्या-बाहेरच्याचा हिशोब चाललाय, मग माझ्या गळतीचं काय ते सांगा. माझ्या बाथरूमच्या छतातून वरच्यांचं पाणी ठिबकतं. वरचे म्हणतात, आमच्याकडे सगळं कोरडं आहे. सेक्रेटरी म्हणतात, दोघांनी आपसात मिटवा. उद्या मी विकायला काढलं तर माझ्या तपासणीत दोष माझ्या नावावर लागणार, आणि दुरुस्ती मात्र वरच्यांच्या फरशीखाली! ते दारच उघडत नाहीत. सांगा, अहवालाचं मी काय करू?

मुलुंडची सुमा
चेंबूरदादा, हेच तर आमच्याकडेही.

गोरेगाव पूर्व
पावसाच्या पाण्याची गळती आणि बाहेरच्या सामायिक पाइपांची गळती सोसायटीच्या खर्चात. संडास-बाथरूम-सिंकची आतली गळती ज्याची त्याने. उपविधीत स्पष्ट आहे. वरच्यांना लेखी द्या, प्रत कमिटीला द्या आणि पोच घ्या. तोंडी बोलून मुंबईत कुणी फरशी फोडत नाही.

चेंबूर, तिसरा मजला
लेखी दिलंय. पोच आहे. पुढे?

गोरेगाव पूर्व
पुढे पाणी साठवून चाचणी. वरच्यांच्या न्हाणी ट्रॅपला, म्हणजे पाणी जायच्या भोकाला, बूच मारायचं, फरशीवर दोन-तीन इंच पाणी एक दिवस उभं ठेवायचं आणि खालून बघायचं. ओल वाढली तर फरशीच्या कोब्याखालचं वॉटरप्रूफिंग गेलंय. नाही वाढली तर पाइपाचे सांधे बघा. जुन्या इमारतींत बिडाचे पाइप असतात, ते सांध्यात फुटतात. रंगीत पाणी टाकलं की वाद उरत नाही.

माहीमचा जुना
तुम्ही सगळे चुकीच्या गोष्टीवर भांडताय. दादर-माहीमच्या पन्नास वर्षांच्या इमारतीत लोक जागा बघत नाहीत, पुनर्विकास बघतात. डेव्हलपर नेमलाय का, ५१ टक्के संमती झाली का, आतली वापरायची जागा (कार्पेट) किती जादा मिळणार, डेव्हलपर भाडं किती महिने देणार. बाथरूम गळतंय का हे तिथे कोणी विचारत नाही.

मुलुंडची सुमा
पुनर्विकास होईपर्यंत त्या स्लॅबखाली झोपायचं कुणी? तुमच्याकडे तो किती वर्षं अडकलाय ते लिहा ना. आमच्या मागची इमारत महापालिकेने सी-१ ठरवून रिकामी केली. धोकादायक, पाडायलाच हवी अशी. लोक अजून भाड्याने राहतायत. जागा विकत घेतली तेव्हा त्यांनाही 'लवकरच होणार' असंच सांगितलं होतं.

माहीमचा जुना
आमच्या इमारतीबद्दल काही कळत नसताना बोलू नका.

गोरेगाव पूर्व
दोघांनी थोडं थांबा. सुमाताईंचं दुःख खरं आहे. पण बोरिवलीकरांचं एक मला मान्य करावं लागतं. एका जागेच्या तपासणीने इमारत कळत नाही. सळईच्या गंजासाठी हाफ-सेल चाचणी लागते, काँक्रीटसाठी रिबाउंड हॅमर आणि अल्ट्रासोनिक. ते सोसायटीच करू शकते. सभासदाला सभांचं इतिवृत्त पाहता येतं. विकणाऱ्याने ऑडिटवर झालेली चर्चा आणि दुरुस्तीचे ठराव काढून ठेवावेत. दुरुस्ती निधीची वर्गणी लागणार असेल तर तेही सांगावं. नाहीतर घेणारा ताबा घेतो आणि पुढच्या महिन्यात त्याच्या दारात लाखाचं बिल येतं.

हायकोर्टाजवळचा
आणि बाल्कनी, खिडकीबाहेरचा फ्लॉवरबेड आत घेतलेत का, तेही. नकाशातली भिंत पाडली असेल तर तो दोष तपासणीवाल्याला दिसेल. बँकेच्या मूल्यांकनकाराला तर नक्की. त्यावर घेणाऱ्याचं कर्ज अडकतं आणि टोकन घेतलेला व्यवहार महिनोन्महिने लटकतो. हे आधी कळलेलं विकणाऱ्याच्याच हिताचं.

बोरिवलीकर
बाल्कनी आत घेतलीय, आमच्या विंगमध्ये सगळ्यांनीच. बँकेचा मुद्दा ठीक आहे, तेवढा मी धरतो. बाथरूमची पाणी साठवून चाचणीही करून घेईन, कारण खालच्यांना त्रास होत असेल तर ते माझंच काम आहे. पण मोठा अहवाल करून येईल त्याला वाटणार नाही. कोणी विचारलं तर सांगेन.

हायकोर्टाजवळचा
विचारल्यावर नव्हे. माहीत झालं की न विचारता सांगायचं. कलम तेच म्हणतं.

चेंबूर, तिसरा मजला
गोरेगाव, वरच्यांनी चाचणीलाच नकार दिला तर काय?

गोरेगाव पूर्व
कमिटीकडून लेखी पत्र जाऊ द्या. तपासणीसाठी जागा उघडून देणं सभासदाला बंधनकारक आहे. तरी नाहीच ऐकलं तर सहकार न्यायालय. आधी गळणाऱ्या जागेचे तारखेसह फोटो काढायला लागा, पावसाळ्यात रोज आणि मग ऑक्टोबरातही. कोरड्या महिन्यातही ठिबकत असेल तर ते पावसाचं पाणी नाही, एवढं तरी कागदावर येतं.