शब्दचर्चा : 'आंतरट्रॅपी थर' म्हणजे नेमकं काय?

प्रश्न : मंडळी, दख्खनच्या खडकांवरच्या एका लेखात 'आंतरट्रॅपी थर' हा शब्द आला. ट्रॅप म्हणजे सापळा धरला तर अर्थ लागत नाही. डायनासोर त्यात अडकले होते का?

उत्तर : सापळ्याचा इथे काही संबंध नाही. स्वीडिश भाषेत 'त्रापा' म्हणजे जिना, त्यावरून दख्खनच्या या लाव्हाच्या खडकांना 'ट्रॅप' म्हणतात. महाराष्ट्रातल्या सह्याद्रीत घाटात मान वर करून पाहा : उभा कडा, मग सपाटी, परत कडा. लाव्हाचे एकावर एक थर झिजून या पायऱ्या पडल्या.

'आंतरट्रॅपी' म्हणजे दोन लाव्हाथरांच्या मधला गाळ. ६.६ कोटी वर्षांपूर्वी भारत विषुववृत्ताच्या दक्षिणेला, समुद्रानं वेढलेला होता आणि उत्तरेकडे सरकत होता. लाव्हा सतत वाहत नव्हता, मधे मोठी उसंत मिळे. तेवढ्यात खोलगट जागी तळी साचत, काठाला ताडामाडाच्या कुळातली झाडं वाढत, पाण्यात गोगलगायी नांदत. मग पुढचा लाव्हा येऊन सगळं झाकून टाकी. नागपूरजवळच्या टाकळीला एकोणिसाव्या शतकात स्टीफन हिस्लॉप या मिशनरी संशोधकाला मिळालेले जीवाश्म अशाच थरातले. मला हा शब्द फार मोलाचा वाटतो, कारण त्या काळात नुसती आग नव्हती, हे तो सांगतो.

– आमच्याकडे विहीर खणताना काळ्या पाषाणात मधेच गेरूसारखा लाल पट्टा लागतो. तो हाच का?

– नाही दादा. तो बहुधा तळ्यातला गाळ नसतो. लाव्हाचा माथा ऊनपावसानं कुजून माती झाली आणि वरून आलेल्या लाव्हानं ती भाजून निघाली. उसंतीचा पुरावा मात्र तोही देतो.

– आणि चंद्रपूरच्या पिसदुऱ्याचे डायनासोर? तेही आंतरट्रॅपी म्हणायचे?

– नको. ते 'लॅमेटा' थरांतले. जबलपूरजवळच्या लमेटा घाटावरून हे नाव पडलं. हे थर लाव्हाच्या खाली असतात. पिसदुऱ्याला डायनासोरांची दगड झालेली विष्ठा सापडते. तिच्यात गवताचे सिलिकाचे सूक्ष्म कण मिळाले आणि २००५ साली ते प्रसिद्ध झालं. तोवर गवत डायनासोरांच्या नंतरचं, असाच समज होता. पण म्हणून त्या काळाच्या वर्णनात 'गवताळ प्रदेश' लिहू नका. त्याच विष्ठेत सूचिपर्णी झाडांचे आणि ताडवर्गीय वनस्पतींचे अवशेषही आहेत. विस्तीर्ण कुरणं फार पुढची.