मदत हवी आहे : पाययूट कटथ्रोट ट्राउटला उपजात मानण्याचा आधार काय?

कॅलिफोर्नियातील सिल्व्हर किंग क्रीक या एकाच ओढ्यात मूळचा आढळणारा पाययूट कटथ्रोट ट्राउट हा गोड्या पाण्यातला मासा मत्स्यशास्त्रज्ञ स्नायडर यांनी १९३३ मध्ये ‘साल्मो सेलेनिरिस’ या नावाने स्वतंत्र जाती म्हणून नोंदवला. पुढे तो कटथ्रोट ट्राउट या जातीची उपजात ठरला आणि पॅसिफिककडील ट्राउट ‘साल्मो’ वंशातून (जीनसमधून) ‘ऑन्कोऱ्हिंकस’ वंशात गेल्यावर त्याचेही नाव बदलले. अंगावर ठिपके जवळजवळ नसणे हाच त्याचा ठळक वेगळेपणा असून जनुकीयदृष्ट्या तो लाहोंटन कटथ्रोट या दुसऱ्या उपजातीच्या अत्यंत जवळचा आहे. एवढ्यावर उपजात मानणे मला तरी धाडसाचे वाटते, जरी वन्यजीव-संरक्षण कायद्याच्या दृष्टीने ते सोयीचे असले तरी. कटथ्रोटच्या चार जाती मानणाऱ्या अलीकडच्या वर्गीकरणात तो ‘हेनशॉई’ जातीखाली येतो. मराठी लेखात कोणते शास्त्रीय नाव वापरावे, तसेच ठिपक्यांखेरीज अन्य शारीरिक भेद दाखवणारा अभ्यास झाला आहे का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.