झोंबीपटात विनोद हवाच, की त्यानं मातेरं होतं?

कोथरूडकर: काल रात्री आम्ही चौघांनी २००९ चा ‘झोंबीलँड’ हा इंग्रजी सिनेमा पुन्हा पाहिला, माणसं खायला धावणाऱ्या चालत्या मढ्यांचा, म्हणजे झोंबींचा. एक मित्र म्हणाला, “हसवून हसवून भीतीचा पार चोथा केलाय.” मला हे अजिबात पटलं नाही. त्यातला कोलंबस जगण्याचे नियम लिहून ठेवतो: पळायचा दम हवा, गाडीत बसण्याआधी मागची सीट बघा, पट्टा लावा. ऐकून हसू येतं, पण घाबरट पोरगं अशाच याद्यांच्या आधारानं तग धरतं. २०२० च्या एप्रिलमध्ये आमच्या मातोश्री दुधाच्या पिशव्या साबणाच्या पाण्यात धुऊन गॅलरीतल्या दोरीवर चिमट्यांनी लटकवायच्या. आम्ही हसायचो, आणि दाराची बेल वाजली की दचकायचोही. म्हणून मला विनोदी झोंबीपट जास्त खरा वाटतो.

पेठेतली: हसू त्यांना आलं, ज्यांच्या घरातलं कोणी गेलं नाही. माझे बाबा २०२१ मध्ये गेले. वॉर्डातून त्यांचा चष्मा प्लास्टिकच्या पिशवीत मिळाला. त्याच्या काडीला त्यांनीच गुंडाळलेला पांढरा दोरा तसाच होता. झोंबी म्हणजे कालपर्यंत कुणाचे तरी बाबाच ना? त्याचं डोकं फुटल्यावर थिएटरात शिट्ट्या वाजतात, तेव्हा मला उठून जावंसं वाटतं. दिग्दर्शक जॉर्ज रोमेरोच्या १९६८ च्या ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’मध्ये नायक बेन अख्खी रात्र झुंजतो, आणि सकाळी वाचवायला आलेली माणसंच त्याला झोंबी समजून गोळी घालतात. तिथे एक विनोद घालून दाखवा.

हडपसरचा: मला दोन्ही बाजू ताणलेल्या वाटतात. आदित्य सरपोतदारांचा ‘झोंबिवली’ २०२२ च्या २६ जानेवारीला लागला, तेव्हा आम्ही हसलो ते आपली माणसं, आपली बोली पडद्यावर दिसली म्हणून. गोऱ्यांच्या ओसाड हायवेपेक्षा आपला जिना आणि आपली गच्ची मला जास्त घाबरवते. मराठीत असे सिनेमे अजून यायला हवेत, एवढंच माझं म्हणणं.

कोथरूडकर: ताई, बाबांबद्दल वाचून फार वाईट वाटलं. तुमच्या पहिल्या वाक्यावर माझ्याकडे उत्तर नाही. पण ‘झोंबीलँड’मधला कोलंबसचा सोबती टॅलाहसी आठवा. आपल्याला वाटत राहतं की तो मेलेल्या कुत्र्याच्या पिल्लासाठी झुरतोय, आणि मग कळतं की ते पिल्लू नव्हतं, त्याचा छोटा मुलगा होता. आधी मोकळेपणी हसलो नसतो, तर ते इतकं आत लागलं नसतं. २००४ च्या ‘शॉन ऑफ द डेड’मध्येही शॉन सकाळी झोपाळलेला दुकानात जाऊन येतो, आजूबाजूचे झोंबी त्याच्या लक्षातही येत नाहीत. पुढे त्यालाच स्वतःच्या आईवर गोळी झाडावी लागते. त्या खोलीत कोणी हसत नाही.

पेठेतली: मुलाचा प्रसंग मी पाहिलाय, त्याला मी नावं ठेवणार नाही. पण शेवटी तोच बाप जत्रेच्या मैदानातल्या टपरीत उभा राहून धडाधड गोळ्या झाडतो आणि आपण टाळ्या वाजवायच्या. समोर येणाऱ्यांतही कुणाची मुलं असतील. माझा राग तिथे आहे.

कोथरूडकर: टपरीचा प्रसंग काल मी टाळ्या वाजवतच पाहिला. आज रात्री तेवढाच भाग परत लावून बघतो, मग लिहितो.